भरलेली पोटगी परत मिळते का? एका खलाशाचं प्रकरण

नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीबद्दल लागेल तेवढंच लिहिलं आहे. ती आज शाळेत जाते, आणि उद्या हे वाचूही शकेल.

पार्श्वभूमी

विलास खेड तालुक्यातला. मर्चंट नेव्हीत ए.बी., म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी. वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर, उरलेले घरी. खेड, दापोली, गुहागर या पट्ट्यात अशी घरं गावोगाव आहेत. ओटीवर जहाजाचा फ्रेम केलेला फोटो असतो आणि घरातल्या सगळ्या तारखा "तो उतरला तेव्हा" आणि "तो चढला तेव्हा" अशाच सांगितल्या जातात.

मे २०१० मध्ये मीनाशी लग्न झालं. तो जहाजावर असला की ती थोडे दिवस सासरी आणि बराच काळ डोंबिवलीला माहेरी राहायची. १४ ऑक्टोबर २०१२ ला मुलगी झाली. विलास २ सप्टेंबरलाच उतरला होता, त्यामुळे बाळंतपणाला हजर होता. जन्माच्या नोंदीचा फॉर्म त्याने स्वतः भरला.

२०१६ मध्ये दोघं वेगळी झाली. कारणं नेहमीचीच होती: गावी राहायचं की डोंबिवलीला, पैसे आईच्या खात्यात जायचे की बायकोच्या. संशयाचा तेव्हा मागमूस नव्हता. मीनाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला. एप्रिल २०१७ पासून अंतरिम पोटगी सुरू झाली, बायकोला ८,००० आणि मुलीला ५,०००. डिसेंबर २०१९ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मीनाने एकरकमी रक्कम घेऊन स्वतःची पोटगी सोडली. मुलीला ती अठरा वर्षांची होईपर्यंत दरमहा १०,००० आणि शाळेची निम्मी फी द्यायची, असं ठरलं. महिन्यातून दोन रविवार भेट, तो किनाऱ्यावर असेल तेव्हा.

तडजोडपत्राच्या दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: उभय पक्षांना या विवाहसंबंधातून एक कन्या झाली आहे. असं वाक्य प्रत्येक तडजोडपत्रात असतं. कोणी वाचत नाही, सगळे सही करतात.

प्रश्न कुठून सुरू झाला

ऑगस्ट २०२२ मधला एक रविवार. मॉलमध्ये मुलीच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं, कारण ती शाळेच्या कार्यक्रमातून थेट आली होती. विलासने ते सहज हातात घेतलं. नाव, इयत्ता, पत्ता आणि खाली लाल अक्षरांत रक्तगट: एबी पॉझिटिव्ह.

खलाशाला आपला रक्तगट पाठ असतो. दर वैद्यकीय तपासणीत तो लिहिला जातो. विलासचा ओ पॉझिटिव्ह. ओ गटाच्या माणसाकडे मुलाला द्यायला ए पण नसतो आणि बी पण नसतो. एबी मुलाला एक आईकडून आणि दुसरा बापाकडून मिळावा लागतो. काही अतिदुर्मीळ अपवाद सोडले तर ओ बापाला एबी मूल होत नाही. हे त्याने त्याच रात्री मोबाइलवर वाचलं.

मी वकील. इथे तो माझ्याकडे आला असता तर मी पहिली गोष्ट सांगितली असती, की शाळेच्या ओळखपत्रावरच्या रक्तगटावर काडीचाही भरवसा ठेवू नका. फॉर्म भरताना आईबाप अंदाजे लिहितात, शाळा तेच छापते. प्रयोगशाळेचा खरा रिपोर्ट बघा आणि मग बोलू.

तो आला नाही. पुढच्या भेटीला येताना त्याने एका खासगी प्रयोगशाळेचा डीएनए चाचणीचा घरगुती संच आणला. आइस्क्रीम खाऊन झाल्यावर मुलीला चूळ भरायला लावली आणि कान साफ करायच्या काडीसारखी काडी तिच्या गालाच्या आतून फिरवली. शाळेच्या आरोग्य तपासणीसाठी लागतं, असं तिला सांगितलं. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. तपासलेल्या वीसेक मार्करपैकी (डीएनएमधल्या खुणांपैकी) बऱ्याच ठिकाणी जुळणी नव्हती. पितृत्वाची शक्यता शून्य टक्के. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की हा अहवाल केवळ वैयक्तिक माहितीसाठी आहे, न्यायालयीन कामासाठी नाही.

मग त्याने आपल्या मनाने पैसे थांबवले. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तीन हप्ते. मीनाने वकिलाची नोटीस पाठवली आणि वसुलीची दरखास्त दाखल केली. ती नोटीस हातात घेऊन तो माझ्याकडे आला, सोबत आई आणि एक वही.

वहीत उजव्या बाजूला आकडे होते. एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९, तेहेतीस महिने, ५,००० प्रमाणे १,६५,०००. जानेवारी २०२० ते ऑगस्ट २०२२, बत्तीस महिने, १०,००० प्रमाणे ३,२०,०००. शाळेची फी १,१२,०००. बेरीज ५,९७,०००. सहा लाखांना तीन हजार कमी. प्रत्येक नोंदीसमोर बँकेचा व्यवहार क्रमांक. इतका व्यवस्थित हिशेब माझ्याकडे येणारे व्यापारीसुद्धा ठेवत नाहीत.

आई सगळा वेळ गप्प होती. निघताना म्हणाली, की तो सोळा डिसेंबरला घरातून निघाला होता आणि मुलगी चौदा ऑक्टोबरला झाली. तीनशे तीन दिवस. तिने तेव्हाच मोजले होते. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण त्या कारणाने नाही. ते पुढे येईल.

त्याची मागणी

त्याला तीन गोष्टी हव्या होत्या. भरलेले सगळे पैसे व्याजासह परत. जन्मदाखल्यावरून आपलं नाव बाद. आणि "तिला शिक्षा".

तिसरी मागणी पाच मिनिटांत निकालात निघाली. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं आहे. आणि ते होतं तेव्हाही त्याखाली शिक्षा परपुरुषाला व्हायची, बायकोला नाही. पहिल्या दोन मागण्यांना मात्र पुढचे चौदा महिने लागले.

कायदा कुठे उभा होता

बहुतेक पुरुष अशिलांना वाटतं, की डीएनए हातात आला म्हणजे खटला संपला. आपल्याकडे तो तिथे सुरूही होत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ सांगतं, की कायदेशीर लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना, मूल झालं तर ते त्या नवऱ्याचं औरस मूल आहे याचा तो निर्णायक पुरावा. सुटकेची वाट एकच: गर्भ राहू शकला असता त्या काळात नवराबायकोचा संबंध येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करणं. संबंध आला नाही एवढं पुरत नाही, संधीच नव्हती हे दाखवावं लागतं. आणि ते दाखवण्याचं ओझं नवऱ्यावर. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ या क्रमांकाने आलं आहे.

चाचणीचा हुकूम मागितला की मिळतो असंही नाही. १९९३ मध्ये गौतम कुंडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रक्तचाचणी सरसकट द्यायची नाही. संधी नव्हती असं सकृद्दर्शनी भक्कमपणे दिसलं पाहिजे. २००१ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं, की दोघं एकत्र राहत असतील तर डीएनएचा निष्कर्षसुद्धा या कलमाला भेदायला पुरेसा नाही.

विलासच्या मोबाइलमध्ये मात्र एक बातमी होती, आणि ती खरी होती. विदर्भातल्या एका जोडप्याच्या प्रकरणात ६ जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नागपूरच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेने त्या नवऱ्याचं पितृत्व नाकारलं, फेरतपासणीत हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेनेही नाकारलं. न्यायालय म्हणालं, की कायद्याने मानलेलं गृहीतक आणि जगाने मान्य केलेला वैज्ञानिक पुरावा समोरासमोर आले तर विज्ञान वरचढ ठरेल. मुलीची पोटगी रद्द झाली.

बातमी इथे संपते. निकालपत्र एक वाक्य पुढे जातं: आजवर दिलेली रक्कम परत वसूल करायची नाही.

हे वाक्य मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. दोन प्रयोगशाळांचे अहवाल, सर्वोच्च न्यायालय, नवऱ्याच्या बाजूने निकाल, आणि तरीही भरलेला पैसा परत नाही. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तो पैसा दूध, फी, औषध यांत गेलेला असतो. खाल्लेल्या अन्नाची वसुली कोणाकडून करणार? मुलाकडून तर नाहीच.

समोर असलेले पर्याय

पहिला, आईविरुद्ध वसुलीचा दावा. करार कायद्याचं कलम ७२ म्हणतं, की चुकीने दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करावेत. मुदत कायद्याच्या कलम १७ मुळे फसवणूक किंवा चूक कळल्या दिवसापासून तीन वर्षं मोजायची, त्यामुळे मुदतीची अडचण नव्हती. अडचण अशी, की हा पैसा नुसत्या चुकीने गेलेला नव्हता. तो आधी न्यायालयाच्या आदेशाने आणि नंतर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने गेलेला होता. हुकूमनामा उभा असेपर्यंत त्याखालची रक्कम "चुकीची" म्हणता येत नाही. तो पाडायचा तर फसवणूक सिद्ध करायची, फसवणुकीसाठी पितृत्व नाकारायचं, आणि पितृत्व नाकारायचं म्हणजे पुन्हा कलम ११२. गोल फिरून तिथेच.

दुसरा, पुढचे पैसे थांबवणं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या खर्चाबाबतचा आदेश न्यायालय बदलू शकतं, रद्द करू शकतं. त्यासोबत डीएनए चाचणीचा अर्ज.

तिसरा, जैविक बापाकडून पैसे मागणं. विलासला हा फार आवडला होता. माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय. एक तर तो कोण हे माहीत नव्हतं. दुसरं, कायद्याच्या नजरेत मुलगी विलासची औरस असेपर्यंत दुसऱ्या कोणाला बाप ठरवता येत नाही. (हे नंतर, २८ जानेवारी २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्टच केलं. तिथे तर मुलगाच दुसऱ्या पुरुषाकडून खर्च मागत होता, तरी नाही म्हटलं.)

चौथा पर्याय मध्यस्थीचा. मी तो पहिल्या दिवशी सुचवला. विलासने मान हलवली नाही, नुसती वही बंद केली.

आम्ही दुसरा निवडला आणि पहिला राखून ठेवला. कबूल करते, की तेव्हा मला आमची बाजू भक्कम वाटत होती, आणि त्याला कारण होतं विलासची सीडीसी. खलाशाच्या त्या पुस्तिकेत प्रत्येक जहाजाची साइन-ऑन, साइन-ऑफची तारीख असते, कॅप्टनची सही आणि शिक्क्यासह. साइन-ऑन १९ डिसेंबर २०११, साइन-ऑफ २ सप्टेंबर २०१२. संधी नव्हती हे दाखवायला याहून चांगला कागद कुठल्या नवऱ्याकडे असतो?

काय केलं, काय घडलं

पहिलं काम, थकलेले तीन हप्ते. हुकूमनामा उभा असताना पैसे थांबवणं म्हणजे दरखास्तीत पगार जप्त करून घेणं, आणि जहाजावर चढायच्या आधी अटकेच्या वॉरंटची भीती. ३०,००० लगेच भरले. डिसेंबर २०२२ पासूनचे हप्ते मात्र मीनाच्या खात्यात न टाकता, हक्क अबाधित ठेवून न्यायालयात जमा करण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी मधला मार्ग काढला: दरमहा १०,००० नाझरकडे, म्हणजे न्यायालयात पैसे जमा करून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे भरा; निम्मे आईने मुलीसाठी काढावेत, निम्मे अर्जाच्या निकालापर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहतील. तेव्हा विलास चिडला. पैसे भरायचेच असतील तर अर्ज कशाला केला, म्हणाला. या आदेशाचं मोल वर्षभराने कळलं.

जानेवारी २०२३ मध्ये चाचणीचा अर्ज दाखल केला. महिन्याने मीनाचा से, म्हणजे लेखी म्हणणं आलं. सहा पानं, त्यातली दोन आमच्यासाठी होती.

एक, गालातली काडी. मुलीने घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं होतं. "बाबांनी तपासणीसाठी घेतलं" हे तिचं वाक्य से मध्ये जसंच्या तसं होतं, आणि त्याखाली शाळेचं पत्र, की अशी कोणतीही तपासणी शाळेत नव्हती. रिपोर्ट कायदेशीर नव्हताच. नमुना कोणी घेतला, कोणापुढे सीलबंद केला, काडी खरंच तिच्याच तोंडातली होती का, याला पुरावा नव्हता. सरकारी प्रयोगशाळेसाठी डॉक्टर रक्त घेतात, फोटो आणि सही असलेला ओळख फॉर्म भरतात, नमुना सील करतात. यातलं काहीच नव्हतं. पण नुकसान झालं ते वेगळ्या कारणाने. दहा वर्षांच्या मुलीशी खोटं बोलून नमुना घेतलेला बाप, असं चित्र न्यायाधीशांपुढे पहिल्या तारखेलाच उभं राहिलं.

दोन, न्हावा-शेवा. १८ जानेवारी २०१२ ला विलासचं कंटेनर जहाज न्हावा-शेवा बंदराला लागलं होतं. मीना उरणला गेली होती आणि दोघं भेटली होती, असं तिचं म्हणणं.

मी तारखा मोजल्या. १८ जानेवारी ते १४ ऑक्टोबर, २७० दिवस. याहून चपखल आकडा पुस्तकातही सापडणार नाही.

न्यायालयाच्या जिन्यात विलासला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, जहाज लागलं होतं. मी तासभर गेटबाहेर आलो होतो. हॉटेलात जेवलो. तिचा भाऊ होता सोबत. त्यात काय सांगायचं?"

सीडीसीत हे दिसत नाही. तिथे जहाजावर चढल्याची आणि जहाज सोडल्याची नोंद असते, मधल्या बंदरात पाय मोकळे करायला उतरल्याची नाही. शोअर पासची नोंद, गँगवेचं रजिस्टर असं काही मिळालं तर तो किती वेळ बाहेर होता हे दाखवता आलं असतं. कंपनीला पत्र लिहिलं. जहाज मध्येच विकलं गेलं होतं, अकरा वर्षांपूर्वीचे कागद उरले नव्हते. साक्षीदार उरला एकच, मीनाचा सख्खा भाऊ. तो आमच्या बाजूने काय बोलणार?

"संधीच नव्हती" हा आमचा पाया होता. तो आता "तासभर होती, पण काही घडलं नाही" असा झाला, आणि कायदा घडण्याबद्दल विचारत नाही, संधीबद्दल विचारतो.

त्यातच २० फेब्रुवारी २०२३ उजाडला. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयापासून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाची डीएनए चाचणी नाकारली. तिथेही नवऱ्याने आधी खासगी चाचणी करून घेतलेली होती. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: नवराबायकोच्या भांडणात मुलाला साधन करता येणार नाही, आपलं औरसपण असं ढवळून निघू नये हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, बायकोची बदफैली दाखवायची तर दुसरा पुरावा आणा. निकाल वाचून झाल्यावर मी फाइल मिटली आणि चहा मागवला. आमचा अर्ज अजून युक्तिवादाला यायचा होता.

युक्तिवादात मी २०१४ चा निकाल मांडला. समोरच्या वकिलांनी नेमकं बोट ठेवलं: तिथे अहवाल आधीच न्यायालयापुढे आलेला होता, इथे चाचणी द्यायची की नाही हाच प्रश्न आहे. शिवाय तडजोडपत्रातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं, विलासच्या सहीसकट. जून २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला.

मध्यस्थी

उच्च न्यायालयात जायचं का, यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. मी जाऊ नका म्हटलं. विलासच्या आईने विचारलं, "बाई, जिंकलो तर काय मिळेल?" मी खरं सांगितलं, की चाचणी झाली आणि सगळं आपल्या बाजूने लागलं तरी पुढचे पैसे थांबतील, मागचे येण्याची आशा नाही. ती मुलाकडे बघत राहिली. ऑगस्टमध्ये तो मध्यस्थीला तयार झाला.

मध्यस्थी केंद्रात चार बैठका झाल्या. तिथे काय बोललं गेलं ते गोपनीय असतं, म्हणून तपशील देत नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने एवढं सांगता येतं, की मीनाने शेवटपर्यंत काही मान्य केलं नाही. पण तिची मागणी अनपेक्षित होती. ती आता एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करत होती, पगार बरा होता. तिला विलासचे पैसे नको होते. तिला हवं होतं, की हा विषय मुलीच्या कानावर कधीही, कोणत्याही कागदातून येऊ नये.

जानेवारी २०२४ मध्ये अटी ठरल्या. पितृत्वाबद्दल कोणतीही घोषणा नाही, जन्मदाखला जसाच्या तसा. विलास वसुलीचा दावा करणार नाही. मासिक खर्च आणि फी यापुढे आई करेल. मात्र मुलीचा स्वतःचा हक्क सोडलेला नाही, परिस्थिती बदलली तर तिच्या वतीने अर्ज करता येईल. ही ओळ न्यायाधीशांनी स्वतः घालायला लावली, आणि बरोबरच होतं. आई स्वतःचं सोडू शकते, मुलीचं नाही. भेटीगाठी मुलीच्या इच्छेवर.

आणि नाझरकडचे पैसे. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२४, चौदा महिने, १,४०,०००. त्यातले ७०,००० मुलीसाठी काढले गेले होते. ठेवीत राहिलेले ७०,००० व्याजासह विलासला परत देण्यास मीनाने संमती दिली.

५,९७,००० चा दावा, हाती आले सत्तर हजार आणि वर थोडं व्याज. माझी फी आणि जहाजाचं हुकलेलं एक कॉन्ट्रॅक्ट धरलं तर हिशेब तोट्याचाच. पण जे परत आलं ते का आलं, हे पाहण्यासारखं आहे. ते पैसे कधी तिच्या हातात गेलेच नव्हते. हातातून गेलेल्या पैशासाठी कायदा दार उघडत नाही. न्यायालयात अडकवून ठेवलेल्या पैशावर निदान बोलणी होऊ शकते.

कायद्याने तो अजूनही तिचा बाप आहे. वारसाहक्क आहेत. ते नको असतील तर स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करा, असं मी त्याला सुचवलं. बघू म्हणाला. अजून केलेलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

माझी चूक आधी. अशील जहाजावर होता, कागद भक्कम होता, म्हणून मी मधल्या बंदरांबद्दल विचारलंच नाही. आईने तीनशे तीन दिवस सांगितले तेव्हा तिथेच थांबून विचारायला हवं होतं: या तीनशे तीनमध्ये तो भारताच्या किनाऱ्याला एकदा तरी लागला का? आता परदेशी किंवा फिरतीच्या नोकरीतल्या अशिलाला मी पहिल्या दिवशी कोरं कॅलेंडर देते. गर्भधारणेच्या आसपासचे तीन महिने, दिवस न् दिवस. बायको कुठे, तू कुठे, एक तास तरी भेट झाली का. लाजायचं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हा प्रश्न उठवायची खरी जागा २०१७ मधला पहिला पोटगीचा अर्ज होता किंवा २०१९ मधलं तडजोडपत्र. विलासला तेव्हा शंका नव्हती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण ज्यांच्या मनात शंका आहे आणि "आत्ता सही करून टाकू, नंतर बघू" असा विचार आहे, त्यांना ते नंतर बघणं मिळत नाही. पहिल्या म्हणण्यातच पितृत्व नाकारावं लागतं.

गुपचूप चाचणीबद्दल माझं मत या प्रकरणानंतर आणखी कडक झालं. तिच्यामुळे आमच्या हाती काही आलं नाही आणि गेलं पुष्कळ. आईची संमती घेऊन किंवा निदान तिला लेखी विचारून, नियमानुसार चाचणी मागितली असती तर तिचा नकार तरी नोंदला गेला असता. त्यावर न्यायालयाने आईविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढलं असतं की नाही, हा वेगळा वाद. मुलीच्या औरसपणाला तो नकार धक्का लावत नाही, हे २०२३ च्या निकालात आलंच आहे.

मध्यस्थी नऊ महिने आधी व्हायला हवी होती का? कागदावर हो. पण नोव्हेंबर २०२२ मधला विलास त्या टेबलावर बसला असता असं मला वाटत नाही. त्याला एकदा हरायला लागलं.

एक खातं राहिलं. २०१५ मध्ये सुकन्या समृद्धी योजना निघाली तेव्हा त्याने गावच्या पोस्टात मुलीच्या नावाने खातं उघडलं होतं. वहीतल्या बेरजेत त्याने ते धरलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ते तिचंच आहे. खरंच, कायद्यानेही ते तिचंच. उघडणाऱ्याला ते मनात आलं म्हणून मोडता येत नाही. पालक म्हणून आता आईचं नाव लागलं आहे. खातं चालू राहायला वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, नाहीतर दंड पडतो. गेल्या मार्चमध्ये विलासचा जहाजावरून मेसेज आला: भावाला सांगून पोस्टात अडीचशे भरले आहेत, तडजोडीच्या अटींत याने काही अडचण येत नाही ना?

येत नाही, असं मी कळवलं.